रजिस्टर भरलं होतं, सर्व्हर डाऊन नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या जिल्हा पानावर गेल्या महिन्यात ‘विद्यापीठाचा सर्व्हर डाऊन, परीक्षा अर्जासाठी विद्यार्थी ताटकळले’ अशी तीन कॉलमी बातमी आली होती. सोबत आमच्या कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेच्या दारातल्या गर्दीचा फोटो होता. फोटोत डावीकडे निळ्या शर्टातला जो पाठमोरा माणूस दिसतो, तो मी. मी तिथे प्रयोगशाळा सहायक आहे, नोकरीला एकवीस वर्षं झाली. त्या दिवशी नेमकं काय बिघडलं होतं हे सांगू शकेल असा बहुधा मी एकटाच आहे, म्हणून लिहितो. पत्र छापलंत तर माझं आणि कॉलेजचं नाव छापू नये. का, ते पुढे कळेलच.

विद्यापीठाचा सर्व्हर त्या गुरुवारी व्यवस्थित चालू होता. आमच्या गेटसमोरच्या नेट कॅफेत त्याच वेळी तेच फॉर्म भरले जात होते, फॉर्मामागे पन्नास रुपये घेऊन. आपल्या वार्ताहराने रस्ता ओलांडून तिथे डोकावलं असतं तर बातमी वेगळी झाली असती. बिघाड होता आमच्याच खोलीत, टेबलाखालच्या एका जुन्या पीसीत. त्याला आम्ही फायरवॉल म्हणतो.

फायरवॉल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे भिंत येते. एका सरांनी तर कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या नॅक समितीच्या फाइलमध्ये ‘अग्निभिंत’ असं लिहिलं आणि समितीतल्या एका मॅडमनी अग्निशमनाचं प्रमाणपत्र मागितलं. प्रत्यक्षात ती भिंत कमी आणि गेटवरचा वॉचमन जास्त. आतल्या कुणी बाहेर काही मागितलं की वॉचमन रजिस्टरमध्ये एक ओळ लिहितो: अमक्या मोबाईलने तमक्या ठिकाणाशी बोलणं सुरू केलं. बाहेरून उत्तर आलं की ओळ शोधतो, सापडली तर आत सोडतो, नाही तर हाकलतो. बोलणं संपल्याचा निरोप दोघांपैकी कुणी दिला की थोड्या वेळाने ती ओळ खोडतो. आमचं मशीन विंडोजऐवजी लिनक्सवर चालतं, त्यात या रजिस्टरला ‘कॉनट्रॅक’ म्हणतात. त्याला पानं मोजकी असतात. आमच्या मशीनवर ६५,५३६ ओळी.

हे मशीन २०१६ साली मीच उभं केलं. प्रयोगशाळेतून बाद झालेला पीसी, ४ जीबी रॅम, दोन नेटवर्क कार्डं, वर लिनक्स. खर्च म्हणाल तर दुसऱ्या कार्डाचे साडेचारशे रुपये. तेव्हा सत्कारही झाला होता, शाल आणि नारळ. पुढे सहा-सात वर्षं त्याने कुरकुर केली नाही, आणि त्यातच गोम होती.

गेल्या डिसेंबरात संस्थेने यूपीएसला नव्या बॅटऱ्या बसवल्या आणि जानेवारीपासून तक्रारी सुरू झाल्या. सोमवारी नेट सुसाट, बुधवारी जरा अडखळत, शुक्रवारी-शनिवारी बैलगाडी. बंद करून चालू केलं की पुन्हा सुसाट. साहजिकच सगळ्यांचा संशय बॅटऱ्यांवर. इलेक्ट्रिशियन दोनदा येऊन व्होल्टेज मोजून गेला. मला फार उशिरा उमगलं की बॅटऱ्यांचा संबंध होता, पण उलटा. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही आणि जुन्या बॅटऱ्या मेलेल्या होत्या. म्हणजे दर एक-दोन दिवसांनी मशीन आपसूक बंद पडून पुन्हा सुरू व्हायचं आणि रजिस्टर कोरं व्हायचं. इतकी वर्षं आमची फायरवॉल महावितरण सांभाळत होतं आणि शाल मी घेतली होती.

जानेवारी-फेब्रुवारीत आम्ही जे जे केलं ते सांगतो, कारण गावोगावच्या कॉलेजात, बँकेत, कचेरीत हेच होत असणार.

आधी नेट देणाऱ्या कंपनीला फोन. त्यांचा मुलगा मोटारसायकलवर आला, लॅपटॉप थेट त्यांच्या राउटरला लावला, १०० एमबीपीएस दाखवले आणि म्हणाला, “काका, आमची लाईन ओके आहे, तुमचं आतलं बघा.” राग आला, पण पोराचं बरोबर होतं. मग संगणक पुरवणारे आले. त्यांनी मेमरीचा आकडा पाहिला. ४ जीबीतली मोकळी जेमतेम १२० एमबी. “रॅम संपली ना सर!” लगेच आणखी ४ जीबी बसवली. चार दिवसांनी पुन्हा तेच, आणि आता ८ जीबीतली मोकळी दीडशे एमबी. लिनक्स रिकामी मेमरी रिकामी ठेवत नाही. डिस्कवरचं वाचलेलं त्यात धरून ठेवतं आणि कुणी मागितली की सोडून देतं. पाहायचा असतो ‘अव्हेलेबल’चा रकाना, ‘फ्री’चा नव्हे. हे मला माहीत होतं हो. पण बिल झालेलं होतं आणि पुरवठादारासमोर प्राचार्य बसलेले होते.

नंतर उष्णतेवर खापर. खोलीला वर पत्रा आहे आणि मार्चात आमच्याकडे दुपारी पंख्याचा वारासुद्धा तापलेला येतो. ब्लोअरने मशीन साफ केलं, मूठभर धूळ आणि एक पाल निघाली. थोडा फरक पडला, म्हणजे आवाज कमी झाला.

एक खरी चूक मात्र या खटाटोपात सापडली, आणि तीही माझीच. आमच्या फायरवॉलला अकराशेच्या आसपास नियम झाले होते. कुणी सर सांगायचे ही साइट बंद करा, की मी एक ओळ वाढवायचो. २०१७ च्या आयपीएलमध्ये एका संचालकांनी क्रिकेटचा स्कोअर दाखवणाऱ्या साइट बंद करायला लावल्या, त्यांच्याच चाळीस ओळी. लिनक्समधला आयपीटेबल्स नावाचा प्रोग्राम हे नियम वरून खाली एकेक करून वाचतो. ‘आधीच चालू असलेलं बोलणं असेल तर सोडून दे’ हा नियम मी वेड्यासारखा सगळ्यात शेवटी ठेवला होता. म्हणजे चालू व्हिडिओचं प्रत्येक पॅकेट, म्हणजे माहितीचा प्रत्येक छोटा तुकडा, अकराशे ओळींतून जात होतं. तो नियम वर आणला, बंदीची यादी ‘आयपीसेट’मध्ये टाकली. तिथे शोध एका फटक्यात होतो, शंभर पत्ते असोत की लाख. प्रोसेसरवरचा ताण निम्म्याहून खाली आला. मी खूश. पण हा वर्षानुवर्षं साचलेला गाळ होता. आठवड्याच्या आठवड्याला भरणारं काहीतरी वेगळंच होतं आणि ते मला दिसत नव्हतं.

का दिसत नव्हतं, तर दर वेळी आमचे शिपाई मामा मशीन बंद-चालू करत होते. मामांचा दोष नाही. प्राचार्यांनीच लेखी काढलं होतं, ‘दर सोमवारी सकाळी फायरवॉल रीस्टार्ट करावी.’ सोमवारी केलं की आठवडा कसाबसा निघायचा. मशीनने जे काही सांगितलं असेल ते मात्र रीस्टार्टबरोबर पुसलं जायचं. त्यात २०१८ साली डिस्क भरते म्हणून कुणीतरी लॉग, म्हणजे मशीनने स्वतःच लिहिलेल्या नोंदी, डिस्कऐवजी मेमरीत ठेवायची सोय करून ठेवली होती. कुणीतरी म्हणजे मी. संगणक सुरक्षा पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या सर्ट-इन संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांत कंपन्यांनी, सेवा देणाऱ्यांनी आणि सरकारी संस्थांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपावेत असं आहे. आमचे लॉग एका सोमवारपासून दुसऱ्या सोमवारपर्यंत जगत होते.

आता तो गुरुवार.

परीक्षा अर्जाचा शेवटचा दिवस. बाहेरून परीक्षा देणारेही आलेले, त्यामुळे आवारात रोजच्या दीडपट मोबाईल आणि सगळे कॉलेजच्या वायफायवर. दुपारी एकपासून नेट अडकायला लागलं. मी प्रात्यक्षिक परीक्षेच्या कामावर होतो. अडीचला सुटून धावत आलो तर दारात दोनशे पोरं. मामा आत टेबलाखाली वाकलेले, बोट स्विचवर.

मी ओरडलो, “मामा, थांबा! हात काढा!”

ते चपापले. म्हणाले, “अहो, लेकरं उभी हायत बाहेर.”

संपादक महाशय, या प्रसंगासाठीच मी हे पत्र लिहायला बसलो. त्या क्षणी स्विच दाबला असता तर तीन मिनिटांत नेट आलं असतं. मी दाबू दिला नाही. दोन महिने हाच रोग आहे, रोगी समोर तापाने फणफणतोय आणि आपण दर वेळी तपासायच्या आधीच क्रोसिन देतोय, असं माझ्या डोक्यात. फायरवॉलला मॉनिटर नव्हता. प्रयोगशाळेतला एक उचलून आणला, त्याची केबल जमेना, दुसरी आणली. पासवर्ड दोनदा चुकला. खिडकीतून एक मुलगी विचारत होती, “सर, अजून किती वेळ?” हातात प्लॅस्टिकची पारदर्शक फाइल, त्यात मार्कमेमो आणि आधारची झेरॉक्स. तांड्यावरची मुलगी, तिची पावणेचारची गाडी. तिच्या गावापर्यंत जाणारी शेवटची एसटी तीच. मी म्हणालो, “पाच मिनिटं.” हे मी तिला तीन वेळा सांगितलं.

स्क्रीन उजळला आणि कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, निरोप धबाधबा खाली सरकत होते. सगळ्या ओळी एकसारख्या: ‘एनएफ कॉनट्रॅक: टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’. रजिस्टर भरलं आहे, आलेलं पॅकेट टाकून देतो आहे. किती ओळी भरल्या ते विचारलं. ६५,५३६. दोनाचा सोळावा घात. अकरावी-बारावीच्या पोरांना एकवीस वर्षं शिकवतोय तो आकडा. मोबाईलने स्क्रीनचे फोटो काढले, रजिस्टरची नक्कल डिस्कवर उतरवून घेतली आणि मग मामांना म्हणालो, “आता दाबा.” घड्याळात दोन वाजून पंचावन्न मिनिटं झाली होती. पंचवीस मिनिटं. आपल्या बातमीत ‘दोन तास’ असं आहे. त्यातली ही पंचवीस मिनिटं सर्व्हरची नव्हेत, माझी.

रात्री घरी ती नक्कल उघडून बसलो. साठ हजारांहून जास्त ओळी अशा बोलण्यांच्या, जी कधीच संपली होती. मोबाईल गेटबाहेर गेलेले, मालक घरी जाऊन जेवलेले, आणि आमच्या रजिस्टरमध्ये ते अजून ‘चालू’. असं का, तर पोरगा चालता चालता वायफायच्या कक्षेबाहेर जातो तेव्हा त्याचा मोबाईल ‘मी निघालो’ असा निरोप देऊ शकत नाही. द्यायला रस्ताच उरलेला नसतो. पलीकडचा सर्व्हर काही मिनिटं वाट पाहून आपल्या बाजूने ‘संपलं’ असं कळवतो. पण आमच्या फायरवॉलच्या पुढे नेट कंपनीचा छोटा राउटर आहे. तोही एक वॉचमनच, आणि विसराळू. पाचेक मिनिटं हालचाल दिसली नाही की तो स्वतःची ओळ खोडून टाकतो. मग ‘संपलं’चा निरोप येतो तेव्हा तो म्हणतो, असं कुणी इथे राहत नाही. निरोप आमच्यापर्यंत पोचतच नाही. आणि आमचा वॉचमन? निरोप आला नाही तर जोडलेली ओळ तो किती काळ सांभाळतो? लिनक्समध्ये पूर्वापार ठरलेला आकडा आहे ४,३२,००० सेकंद. पाच दिवस. एकाची आठवण पाच मिनिटांची, दुसऱ्याची पाच दिवसांची, आणि दोघांना एकामागे एक उभं केलेलं.

दिवसाला सहाशे मोबाईल आणि प्रत्येकाचे वीस-पंचवीस अर्धवट धागे धरले तर पाच दिवसांत पासष्ट हजार पार. गणित सोपं आहे. अर्जांच्या आठवड्यात मोबाईल वाढले म्हणून शुक्रवारचं मरण गुरुवारी दुपारी आलं.

आणखी एक कोडं याच रात्री सुटलं. नेट पूर्ण बंद का पडत नव्हतं, हळू का होत होतं? रजिस्टर भरलं तरी ज्यांची ओळ आधी लिहिलेली आहे त्यांचं काम चालूच राहतं. नव्यालाच जागा नाही. नव्याचं पहिलं पॅकेट टाकलं जातं, त्याचा मोबाईल एका सेकंदाने पुन्हा ठोठावतो, मग दोन सेकंदांनी, मग चार. तेवढ्यात कुणाची ओळ खोडली गेली असेल तर याचा नंबर लागतो. म्हणून वर बसलेल्याला वाटतं ‘नेट स्लो आहे’. प्राचार्यांच्या केबिनमधल्या संगणकावर सकाळपासून पान उघडं असायचं, म्हणून ते दर वेळी म्हणायचे, “माझ्याकडे तर चालू आहे.” खोटं बोलत नव्हते बिचारे.

पुढच्या आठवड्यात मी एक वही केली आणि रोज चार वेळा आकडा लिहिला. सोमवारी सकाळी नऊला २,१४०. संध्याकाळी १५,९००. मंगळवारी संध्याकाळी ३०,२००. बुधवारी ४४,७००. गुरुवारी दुपारपर्यंत ५५,०००. शाळेत थर्मामीटरचा तक्ता करायचो तसा सरळ चढता. या आख्ख्या रजिस्टरला मेमरी लागते वीसेक एमबी. आणि आम्ही ४ जीबी रॅम विकत घेतली होती.

दुरुस्ती दोन आकड्यांची. पाच दिवसांची मुदत काढून दोन तास चार मिनिटं केली. चार मिनिटं कशाला, असं मामांनीही विचारलं. इंटरनेटचे तांत्रिक नियम लिहिणाऱ्यांनी २००८ साली सांगून ठेवलंय की अशा वॉचमनने चालू बोलण्याची ओळ दोन तास चार मिनिटांच्या आत खोडू नये. कारण दोन्हीकडचे संगणक गप्प असले तरी ‘आहेस का?’ असं साधारणपणे दोन तासांनी एकमेकांना विचारतात. वरची चार मिनिटं उत्तर यायला. शिवाय रजिस्टरची पानं दुप्पट केली, आणि ओळ पटकन सापडावी म्हणून त्याची अनुक्रमणिकाही वाढवली. नुसती पानं वाढवून अनुक्रमणिका तेवढीच ठेवली तर शोधण्यात वेळ जातो, हे पुष्कळ जण विसरतात. लॉग पुन्हा डिस्कवर आणले. खर्च शून्य.

‘बंद करून चालू करा’ याला मी नावं ठेवत नाही. मीही विद्यार्थ्यांना आधी तेच सांगतो. खूप वेळ चालल्यावरच दिसणारे दोष मोठमोठ्यांच्या यंत्रांत असतात. विंडोज ९५ मध्ये सुमारे ४९.७ दिवस सलग चालल्यावर मशीन गोठायचं, कारण मिलिसेकंद मोजणारा आकडा भरायचा. २०१५ साली अमेरिकेच्या विमान प्राधिकरणाने बोइंग ७८७ साठी आदेश काढला होता: वीज नियंत्रणाची यंत्रणा २४८ दिवस बंद न करता चालली तर विमानातली वीज जाऊ शकते, तेव्हा त्याआधी बंद-चालू करा. तिथे निदान दिवस मोजून सांगितले होते.

दिवस न सांगता केलेल्या रीस्टार्टचं एक उदाहरण मी दर वर्षी वर्गात सांगतो. आखाती युद्धात, २५ फेब्रुवारी १९९१ ला, सौदी अरेबियातल्या धहरानमध्ये शत्रूची क्षेपणास्त्रं हवेतच पाडणाऱ्या अमेरिकेच्या पेट्रियट क्षेपणास्त्रांची तुकडी होती. तिचा संगणक वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायचा. एक दशांश हा अपूर्णांक संगणकाच्या द्विमान पद्धतीत पुरता बसत नाही, शेपूट तोडावं लागतं. प्रत्येक वेळी नखाएवढी चूक. पण मशीन शंभर तासांहून जास्त सलग चाललं होतं आणि चूक साचून ०.३४ सेकंद झाली. तेवढ्यात इराकचं स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. यंत्र आकाशात चुकीच्या जागी पाहत राहिलं, स्कड बराकीवर पडलं, २८ सैनिक गेले. दोन आठवडे आधी इस्रायलच्या लोकांनी कळवलं होतं की आठ तास चाललं तरी नेम सरकतो. त्यावर अमेरिकेतून तुकड्यांना निरोप गेला की ‘फार वेळ’ चालवू नका. फार वेळ म्हणजे किती, ते कुणी लिहिलं नाही. सुधारलेलं सॉफ्टवेअर धहरानला पोचलं २६ फेब्रुवारीला.

आमच्या टेबलाखालच्या पीसीने कुणाचा जीव घेतला नाही. त्याने घेतले प्रत्येकी शंभर रुपये, आणि हे पत्र त्या रुपयांचं आहे.

त्या दिवशी फॉर्म रात्री बारापर्यंत भरता येत होता, पण चलनाचे पैसे आमच्या कॅश काउंटरवर पाचपर्यंतच घेतात. खेड्यांवरची मुलं गाडीच्या वेळेला निघून गेली. ४३ विद्यार्थ्यांचे अर्ज राहिले. त्यांनी दुसऱ्या दिवशी येऊन शंभर रुपये विलंब शुल्क भरलं. ती फाइलवाली मुलगी त्यांच्यातलीच. शंभराशिवाय तिला एसटीचं पुन्हा जाऊन-येऊन भाडं पडलं. ती काउंटरवर सुटे पैसे मोजत होती तेव्हा मी झेरॉक्स मशीनच्या मागे उभा होतो. पुढे गेलो नाही.

मुलांनी शुल्क माफ करा असा अर्ज केला. विद्यापीठाने कळवलं की आमचा सर्व्हर त्या दिवशी एक मिनिटही बंद नव्हता, तेव्हा माफी नाही. ते खरंच आहे. कॉलेजने मुलांना आपल्या बातमीचं कात्रण दाखवलं: पाहा, पेपरमध्ये आलंय, दोष विद्यापीठाचा, आम्ही काय करणार? तेही कुणाला खोटं वाटलं नाही. दोघांच्या मधे मुलं. आपल्या बातमीतले ‘विद्यापीठाचा सर्व्हर डाऊन’ हे शब्द कॉलेजच्या ढालीसारखे कामाला आले.

मी स्क्रीनचे फोटो आणि वही घेऊन केबिनमध्ये गेलो. “सर, दोष आपल्या मशीनचा होता. ४३ जणांचे ४,३०० रुपये आपण द्यायला हवेत.” सर वाईट नाहीत. त्यांनी वही शेवटपर्यंत पाहिली, म्हणाले, “तुम्ही शोधून काढलंत, छान झालं. पण आता हे उकरून काय करायचं? पेपरने विद्यापीठाचं नाव घेतलंय ना.” मग त्यांनी खरेदी समितीची फाइल पुढे केली. नव्या फायरवॉलचं कोटेशन, तीन वर्षांच्या लायसन्ससकट अडीच लाख. मी म्हणालो, त्या डब्यातही रजिस्टरच असतं, किती ओळींचं ते माहितीपत्रकात छापलेलं असतं, आणि तोही नेट कंपनीच्या त्याच राउटरमागे बसणार आहे. सर म्हणाले, “समितीपुढे बोलू.” समितीची बैठक अजून झालेली नाही.

आपल्या पेपरात महिन्यातून चार वेळा तरी ‘सर्व्हर डाऊन’ येतं. रेशनचं, सातबाऱ्याचं, शिष्यवृत्तीचं. गारपीट झाली असं लिहावं तसं लिहिलं जातं, जणू त्याला कारण नसतंच आणि कुणी जबाबदारही नसतं. वार्ताहराने संगणक शिकावा असं मी म्हणत नाही. तिथल्या माणसाला तीन गोष्टी विचाराव्यात: दुसऱ्या नेटवरून तेच पान उघडतं का, मशीन किती दिवसांपूर्वी चालू केलं होतं, आणि बंद करण्याआधी कुणी स्क्रीन पाहिला का. त्या गुरुवारी मला हे कुणी विचारलं असतं तर मी तिथेच सांगितलं असतं. फोटोग्राफर आला, “जरा बाजूला व्हा काका, गर्दी दिसू द्या,” म्हणाला. म्हणून मी पाठमोरा आहे.

काल गुरुवार होता. दुपारी अडीचला आकडा ९,२१२ होता. मशीन सलग सव्वीस दिवस चालू आहे. मामा अजूनही सोमवारी सकाळी सवयीने टेबलापर्यंत येतात, वहीत आकडा लिहितात आणि जातात.

बातमीत दुरुस्ती छापता आली तर फार नको, ‘विद्यापीठाचा’ हा एवढा शब्द चुकला होता असं छापा. पत्र लांबलंय, आपण कापालच. कापताना ४३ आणि ४,३०० हे आकडे राहू द्यावेत. पहिलं कात्रण प्राचार्यांच्या केबिनबाहेर नोटीस बोर्डाच्या काचेत लावलेलं आहे. त्याच्या शेजारी जागा आहे.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक प्रयोगशाळा सहायक, जि. लातूर